डॉक्टरांनाही मशवरा लागतो

(तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. तरी आज कर्करोगाच्या इलाजाबद्दल बोलणार आहे. तुम्हाला वाटेल, हा आता एखाद्या नव्या औषधाबद्दल किंवा एआयबद्दल सांगणार. तसं नाही. मला बोलायचंय ते एका साध्या गोष्टीबद्दल. डॉक्टर एकमेकांना विचारतात का? विचारत असतील तर रुग्णाला काय मिळतं, आणि विचारत नसतील तर त्याचं काय जातं?

सुरुवात घरापासून करतो.

माझे मामू कोकणातले. अठरा वर्षं कुवेतला ड्रायव्हर होते. परत आले, घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. स्वभावानं मोकळे, सगळ्यांच्या मदतीला धावणारे. एकच सवय वाईट, तोंडात मावा असायचा. एकदा डाव्या गालाच्या आत जखम झाली. गावातल्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दोन महिने गेले. मग कुणी म्हणालं दाढ लागतेय, म्हणून दाढ काढली. जखम भरेना. शेवटी जवळच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जननी बघितलं आणि म्हणाले, गाठ आहे, काढून टाकू. काढली. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. कर्करोग होता, आणि काढलेल्या तुकड्याच्या अगदी कडेपर्यंत होता. म्हणजे काही भाग आत राहिला होता.

आम्ही त्यांना परळला आणलं. ओपीडीत एका तरुण डॉक्टरबाईंनी फाइल उघडली आणि विचारलं, "ऑपरेशनच्या आधीचा स्कॅन?" नव्हता. "आधीची बायोप्सी?" नव्हती. "निदान मोबाइलवर काढलेला फोटो?" तोही नव्हता. "गाठ किती मोठी होती?" मामूंनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, "सुपारीएवढी असेल." त्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता नेमकं काय होतं ते आपल्याला कधीच दिसणार नाही. जास्तीत जास्त काय असू शकेल ते धरून इलाज करावा लागेल."

आणि तसाच केला. दुसरं, पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन. मग किरणोपचार. मामू त्यानंतर दीड वर्ष जगले. शेवटचे चार महिने पातळ पेजेवर.

दफन झाल्यावर आठ दिवसांनी मी ती फाइल घेऊन त्या सर्जनकडे गेलो. खरं सांगतो, भांडायला गेलो होतो. त्यांनी मला बसवलं, फाइलचं एकेक पान वाचलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "चुकलं माझं. पण तू मला सांग, मी विचारणार कुणाला? इथं मी एकटा आहे. मुंबईला फोन केला तर उचलतं कोण? आणि पेशंटसमोर दुसऱ्या डॉक्टरला विचारलं तर पेशंटला वाटतं, याला काही येत नाही."

भांडण तिथंच संपलं. मामूंची चूक झाली होती, आमची झाली होती, त्यांचीही झाली होती. पण त्या एका वाक्याने मला झोप येऊ दिली नाही. विचारणार कुणाला?

आमच्या धंद्यात कसं असतं ते सांगतो. मी कोडच्या दोन ओळी बदलल्या, तरी त्या थेट ग्राहकापर्यंत जात नाहीत. आधी दुसरा इंजिनिअर वाचतो. तो कधी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असतो. तो लिहितो, "इथं चुकेल." मी दुरुस्त करतो. कुणी म्हणत नाही की मला येत नाही. उलट कुणाला न दाखवता कोड चढवणाऱ्यालाच आम्ही बेजबाबदार म्हणतो. एखाद्या ॲपमधलं बटण निळं करायचं की हिरवं, यासाठी आम्ही चौघांना विचारतो. आणि माणसाचा गाल कापायचा, तर एकट्यानं ठरवायचं?

आपल्या घरांत याला शब्द आहे, मशवरा. लग्न ठरवायचं, जमीन विकायची, मुलाला परदेशी पाठवायचं, तर आपण चार माणसं बसवतो. कर्करोगात डॉक्टरांचा मशवरा हा सौजन्याचा भाग नाही. तो इलाजाचाच भाग आहे. का, ते बघा. गाठ काढणारा सर्जन वेगळा. किरणोपचार देणारा वेगळा. केमोथेरपी देणारा वेगळा. काचेच्या पट्टीवर पेशी बघून निदान करणारा पॅथॉलॉजिस्ट वेगळा आणि स्कॅन वाचणारा रेडिओलॉजिस्ट वेगळा. प्रत्येकाच्या हातात एकेक हत्यार. आधी ऑपरेशन की आधी केमो, हा क्रम चुकला तर तेच औषध आणि तोच सर्जन असूनही निकाल बदलतो. म्हणून हे पाचही जण एका टेबलाभोवती बसून एकेका रुग्णाबद्दल बोलतात. याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. कुणीतरी केस मांडतो. वय, तक्रार, तपासणी, स्कॅन, बायोप्सी, आणि शेवटी प्रश्न. मग वाद होतो. सर्जन म्हणतो निघेल, रेडिओलॉजिस्ट म्हणतो हाडापर्यंत गेलंय, जरा थांबा. वाद संपला की एक निर्णय कागदावर येतो, आणि तो एका माणसाचा नसतो.

आता हे सगळं जिथं घडतं त्या परळबद्दल थोडं बोलू. आपल्यातले बरेच जण तिथून रोज ट्रेननं जातात, पण आत शिरत नाहीत. लालबाग-परळ म्हटलं की आपल्याला गिरण्यांचे भोंगे, चाळी आणि गणपती आठवतात. पण तिथंच, दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात, हाफकिन संस्था आहे, केईएम आहे, वाडिया रुग्णालयं आहेत आणि टाटा मेमोरियल आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं हे रुग्णालय उभं केलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. समोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. ते मूळचे गोव्याचे, त्याच रुग्णालयातले सर्जन. आयुष्यभर कर्करोगावर इलाज केला आणि १९६९ मध्ये स्वतः कर्करोगानेच गेले.

त्या रस्त्याच्या फुटपाथवर तुम्ही सकाळी सातला जाऊन उभे राहा. बिहारची, बंगालची, उत्तर प्रदेशची, विदर्भाची, कोकणची माणसं दिसतील. प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत फाइल. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं असतं, कुणी नातेवाइकांच्या खोलीत, कुणी तिथंच फुटपाथवर. मामूंच्या वेळी मी तिथं सात-आठ महिने जात होतो. एकदा मनात हिशेब केला, ही इतकी माणसं इथं का आली? इथं मशीन आहे म्हणून? अंशतः हो. पण कितीतरी जणांच्या शहरात मशीनही होतं आणि डॉक्टरही होता. त्यांना इथं आणलं होतं ते एका शंकेनं. तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं ते बरोबर आहे का? त्या एका उत्तरासाठी माणूस दोन दिवस ट्रेनमध्ये बसून येतो, रोजंदारी बुडवतो, बायकोचे दागिने मोडतो.

मग प्रश्न असा की माणसाला हलवण्याऐवजी त्याचं उत्तरच हलवता येईल का?

याच प्रश्नातून ऑगस्ट २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं. टाटा मेमोरियल सेंटरचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे होते. पुढे डॉ. सी. एस. प्रमेश यांनी निमंत्रक म्हणून हे काम वाढवलं. ग्रिड म्हणजे विजेच्या तारांचं असतं तसं जाळं, फक्त रुग्णालयांचं. सरकारी, धर्मादाय, खासगी, मोठी, छोटी, सगळी. आज त्यात ३०० हून अधिक केंद्रं आहेत. भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नव्या रुग्णांचं निदान होतं. त्यातल्या साडेसात लाखांहून जास्त रुग्णांवर या जाळ्यातल्या केंद्रांत इलाज होतो. म्हणजे निम्म्याहून अधिक.

हे जाळं काय करतं? मला त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या उपचाराच्या मार्गदर्शक सूचना. कोणत्या कर्करोगात कोणत्या टप्प्यावर काय करायचं, हे लिहून ठेवलेलं आहे. आणि त्यात एक शहाणपण आहे. प्रत्येक गोष्ट तीन खणांत टाकली आहे. अत्यावश्यक, उत्तम आणि ऐच्छिक. म्हणजे छोट्या जिल्ह्याच्या रुग्णालयालाही कळतं, की आपल्याकडे सगळ्यांत महाग स्कॅन नसला तरी हे एवढं तर झालंच पाहिजे. अमेरिकेचं पुस्तक उघडून हात टेकायचे नाहीत. याच जाळ्यातल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात दहा गोष्टींची यादी छापली. ती यादी होती कर्करोगाच्या इलाजात काय करू नये याची. त्यातली एक अशी, की आजार कितपत पसरलाय हे ठरवल्याशिवाय आणि इलाजाचा हेतू काय हे रुग्णाशी बोलल्याशिवाय इलाज सुरू करू नका. मी ती ओळ वाचली तेव्हा मला मामूंचं सुपारी दाखवणारं बोट आठवलं.

दुसरी गोष्ट, व्हर्च्युअल ट्यूमर बोर्ड. परळमध्ये टेबलाभोवती होतो तोच मशवरा व्हिडिओवर. लहान शहरातला डॉक्टर आपली केस मांडतो, स्कॅन पडद्यावर दाखवतो, आणि वेगवेगळ्या शहरांतले तज्ज्ञ त्यावर बोलतात. रुग्ण आपल्या गावातच असतो. आणि फायदा फक्त त्या एका रुग्णाचा होत नाही. ऐकणारे इतर डॉक्टर पुढच्या वेळी तीच चूक करत नाहीत.

तिसरी गोष्ट पैशाची. तांदळाचं उदाहरण घ्या. एकेका घरानं पाच-पाच किलो घेतला तर दुकानदाराच्या भावानं घ्यावा लागतो. चाळीतल्या चाळीस घरांनी मिळून पोती उचलली तर व्यापारी घरी येऊन भाव कमी करतो. ग्रिडनं औषधांचं तेच केलं. २३ केंद्रांनी आपली गरज एकत्र मोजली आणि ४० औषधांसाठी कंपन्यांशी एकत्र वाटाघाटी केल्या. छापील किमतीच्या तुलनेत औषधं २३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत स्वस्त पडली, आणि एकूण बचत झाली १,३२० कोटी रुपयांची. हा हिशेब २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. लक्षात घ्या, एकही नवा शोध लागला नव्हता. एकही नवी इमारत बांधली नव्हती. फक्त वेगवेगळे उभे असलेले लोक एका रांगेत आले.

हे सगळं मोठ्या शहराचं झालं असं वाटत असेल, तर बार्शीकडे या. सोलापूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. तिथं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदवही चालते. बार्शीचे डॉक्टर, परळचे डॉक्टर आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था या तिघांनी मिळून १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास केला. १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. प्रश्न एवढाच, की गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग कोणत्या तपासणीने वेळेत सापडेल? २००९ मध्ये निष्कर्ष आला. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. या निष्कर्षाची दखल जगभर घेतली गेली. तो ज्या बायकांमुळे मिळाला त्या मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या होत्या. एकट्या परळला हे जमलं नसतं, कारण गावागावांत ओळख बार्शीच्या डॉक्टरांची होती. एकट्या बार्शीलाही जमलं नसतं.

आता माझी फजिती सांगतो.

मामूंच्या नंतर मी ठरवलं, आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरांसाठी ॲप करायचं. मी आणि ऑफिसातले दोन मित्र, शनिवार-रविवार बसून आम्ही ते बनवलं. केस टाका, फोटो टाका, दुसरा डॉक्टर उत्तर देईल. दिसायला सुंदर. आजूबाजूच्या त्रेचाळीस डॉक्टरांनी ते घेतलंही. सहा महिन्यांत केस आल्या पाच, आणि त्यातल्या तीन माझ्या मामेबहिणीनं टाकलेल्या. ती डेंटिस्ट आहे, भावावर दया म्हणून टाकल्या असणार.

मी बटणं बदलली. नोटिफिकेशन वाढवले. काही झालं नाही. शेवटी बहीण म्हणाली, "भाईजान, तुझं ॲप चांगलं आहे. पण तिथं प्रश्न विचारायचा म्हणजे त्रेचाळीस जणांसमोर सांगायचं की मला कळलं नाही. आधी कोण सांगणार?"

आधी कोण सांगणार, हे कोडमध्ये लिहिता येत नाही.

मी पुन्हा त्या सर्जनकडे गेलो. त्यांना म्हटलं, तुम्ही सांगाल? ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला. एका रविवारी शाळेच्या वर्गात एकोणीस डॉक्टर जमले. एमबीबीएस होते, डेंटिस्ट होते, होमिओपॅथीचे होते, युनानीचे होते. त्या सर्जननी फळ्यासमोर उभं राहून माझ्या मामूंची केस मांडली. नाव न घेता. गोळ्या कुणी दिल्या, दाढ कुणी काढली, ते एका ओळीत उरकलं. आणि मग म्हणाले, "बायोप्सी न करता मी कापलं. स्कॅन केला नाही. ही माझी चूक. तुमच्यापैकी कुणाकडे अशी जखम आली तर मला फोन करा, आणि माझ्याकडे आली तर मी कुणाला फोन करू ते सांगा."

मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक वयस्कर हकीमसाहेब उठले आणि त्यांनी त्यांची एक केस सांगितली. मग एक डेंटिस्ट. त्या दिवशी तीन तासांत जे झालं ते माझ्या ॲपला सहा महिन्यांत जमलं नव्हतं.

ती बैठक आता दर महिन्याला होते. नियम तीनच. रुग्णाचं नाव कधीच घ्यायचं नाही. प्रत्येकानं आपलीच केस आणायची, दुसऱ्याची नाही. आणि खोलीत कबूल केलेली चूक बाहेर कुणाच्या अब्रूवर बोट ठेवायला वापरायची नाही. त्यांच्यातल्या एकाचा वर्गमित्र ग्रिडमधल्या रुग्णालयात आहे. अडलेली केस तो पुढे नेतो. आणि एक कागद तयार झाला आहे, एकाच पानाचा. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो, मग बायोप्सी, मग स्कॅन. हे होईपर्यंत चाकू नाही. गेल्या पावसाळ्यात जिभेच्या कडेला जखम असलेली एक बाई परळला गेली ती हा कागद, फोटो आणि बायोप्सीची पट्टी सोबत घेऊन. पहिल्याच भेटीत तिला कुणाला सुपारी दाखवावी लागली नाही.

माझं ॲप बंद आहे. पण फोटो आणि रिपोर्ट नावाशिवाय पाठवण्याचा त्यातला एक भाग ते लोक अजून वापरतात. तेवढं मला पुरे आहे.

हा नावाशिवायचा मुद्दा मी मुद्दाम थोडा ताणतो, कारण तो आपल्याला लागतो. आज डॉक्टरांचे कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. त्यात रिपोर्ट फिरतात, वर नाव, वय, मोबाइल नंबरासकट. लहान गावात ते नाव दहा मिनिटांत ओळखलं जातं. आपल्या मोहल्ल्यात स्तनाची गाठ बायका का लपवतात? मुलीच्या लग्नाला आडवं येईल, या भीतीनं. तिची गाठ कुणाच्या मोबाइलवरून फिरली, तर पुढची बाई डॉक्टरकडे जाणारच नाही. डॉक्टरांचा समुदाय विश्वासावर उभा राहतो, आणि तो विश्वास एकट्या डॉक्टरांचा नसतो, तो रुग्णाचाही असतो. टाटामध्ये आता ग्रिडचं डिजिटल ऑन्कॉलॉजीसाठी कोइटा सेंटर आहे. रुग्णालयांच्या नोंदी एका पद्धतीनं कशा ठेवायच्या, यावर तिथं काम चालतं. तुमच्यात जे कोड लिहितात त्यांना सांगतो, आपलं खरं काम तिथं आहे. आणखी एक ॲप नको. नोंदी एकमेकांना समजतील अशा हव्यात, आणि नाव झाकलेलं हवं.

मी यातलं काहीही जादू म्हणून सांगत नाही. परळनं व्हिडिओवर सांगितलं की किरणोपचार द्या, पण जिल्ह्यात मशीनच नसेल तर मशवरा कागदावरच राहतो. ग्रिडनं औषध स्वस्त घेतलं, पण रुग्ण जाळ्याबाहेरच्या दवाखान्यात गेला तर त्याला छापील किंमतच मोजावी लागते. आणि दिवसाला शंभर रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरला तुम्ही म्हणालात की बस आणि चर्चा कर, तर तो विचारेल, कधी? या अडचणी खऱ्या आहेत. त्या सरकारकडे मागायच्या आहेत, आवाज करून मागायच्या आहेत. पण विचारण्याची सवय लागायला सरकारी ठराव लागत नाही.

आता आपण काय करायचं? तुमच्यातले निम्मे जण बीयूएमएस, बीडीएस, फार्मसी, नर्सिंग करताय. मदनपुऱ्यात, मालेगावात, कोकणात, मराठवाड्यात आपल्या माणसांचे पहिले डॉक्टर तुम्हीच असणार. मोठा तज्ज्ञ फार नंतर येतो. तोंडातली जखम पहिल्यांदा तुम्ही बघणार, मावा घेतलेला लाल-पांढरा गाल तुम्ही बघणार. तेव्हा गोळी लिहून मोकळे होऊ नका. एका माणसाचा फोन नंबर ठेवा ज्याला तुम्ही लाज न बाळगता विचारू शकाल. असा माणूस नसेल, तर तुमच्या भागातले पाच डॉक्टर एका खोलीत बसवा. धर्म, पॅथी, पक्ष काही बघू नका. आणि पहिली चूक तुमची सांगा.

जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी. घरात कुणाला गाठ निघाली, तर इलाज सुरू होण्याआधी अदबीनं चार गोष्टी विचारा. बायोप्सी झाली का? आजार कुठपर्यंत आहे? इलाज बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? आणि हे ठरवताना आणखी कुणाशी बोलणं झालं का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी नाराज होत नाही. फाइल तारखेप्रमाणे लावा, प्रत्येक कागदाचा फोटो काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नाही. आणि मोहल्ल्यातला कुणी अमुक झाडाचा पाला चावायला सांगत असेल, तर त्याला नम्रपणे चहा पाजा आणि रुग्णाला दवाखान्यात न्या.

जकातीच्या पैशातून आपण रुग्णांना मदत करतो. फार चांगली गोष्ट आहे, चालू ठेवा. पण मला वाटतं, त्यातले दोन रविवार आणि एक खोली डॉक्टरांच्या मशवऱ्यालाही द्या. चहाचा खर्च फार होत नाही.

तो सर्जन अजून त्याच शहरात आहे. मागच्या ईदला त्यांचा फोन आला होता. मुबारकबाद झाली आणि लगेच म्हणाले, "अरे, एक केस आहे, तुझ्या बहिणीला सांग जरा फोन करायला, मला एक विचारायचंय." सत्तरीला आलेला माणूस पस्तीशीच्या मुलीला विचारत होता. फोन ठेवल्यावर मामू आठवले. त्यांच्या वेळी हे वाक्य कुणी म्हटलं असतं तर, एवढंच मनात आलं.

 आता प्रश्न विचारा. मला येत नसेल तर मी सांगेन, आणि मग आपण मिळून कुणाला तरी विचारू.